गोलपोस्टमधून : झॉफ का निघून गेला?

गेल्या अंकात चिखलातल्या गोलकीपिंगबद्दल लिहिताना ओघात डिनो झॉफचं नाव आलं. दोनच वाक्यं होती. चाळिसाव्या वर्षी इटलीला विश्वचषक जिंकून देणारा गोली-कप्तान, आणि पुढं प्रशिक्षक झाल्यावर युरो स्पर्धेच्या फायनलनंतर दोन दिवसांत राजीनामा देऊन घरी गेलेला माणूस. तेवढ्यावर इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. म्हणून या वेळचं सदर सगळं झॉफला. ज्यांचे प्रश्न बूट, हातमोजे आणि गुडघेदुखीबद्दल आहेत त्यांनी एक महिना कळ काढावी. गुडघे कुठं पळून जात नाहीत.

मी अकरावीत आहे. उंची पाच फूट चार इंच. निवड चाचणीत माझा एकही बॉल न बघता 'तू बॅकला खेळ' असं सांगितलं. झॉफलाही बुटका म्हणून परत पाठवलं होतं, हे खरं का? – एक विद्यार्थी, सांगली

खरं आहे. झॉफ १९४२ चा. इटलीच्या ईशान्य टोकाला फ्रिउली नावाचा मुलूख आहे, तिथल्या मारियानो देल फ्रिउली या गावातला, शेतकऱ्याच्या घरातला. चौदा वर्षांचा असताना इंटर आणि युव्हेंटस या दोन्ही बड्या क्लबांनी त्याला बघितलं आणि उंची नाही म्हणून घरी धाडलं. पोरगा गॅरेजात मेकॅनिकचं काम शिकायला लागला. इकडं त्याच्या आजीनं मनावर घेतलं. रोज आठ अंडी खायची, असा तिचा हुकूम. पुढच्या पाच वर्षांत तो ३३ सेंटीमीटर वाढला असं सांगतात. अंड्यांनी वाढला की वाढायचाच होता म्हणून वाढला, हे देव जाणे. माझ्या आईनंही मला अंडी चारली, मी पाच-सातवर थांबलो.

तू या गोष्टीतलं अंड्यांचं सोडून दे आणि पुढचं बघ. इटलीच्या पहिल्या श्रेणीतला त्याचा पहिला सामना २४ सप्टेंबर १९६१ ला झाला, उदिनेसे क्लबकडून, फिओरेंतिनाविरुद्ध. पाच गोल खाल्ले. सामना ५-२ ने गेला आणि त्या मोसमाअखेर उदिनेसेचा संघही खालच्या श्रेणीत घसरला. तिथून मान्तोव्हा, मग नेपल्सचा क्लब नापोली. ज्या युव्हेंटसनं चौदाव्या वर्षी नाकारलं त्यांनी त्याला विकत घेतलं तेव्हा तो तीस वर्षांचा होता. म्हणजे सोळा वर्षं गेली. तुझ्या निवड चाचणीला अजून सोळा आठवडे तरी झालेत का?

ज्यानं तुला न बघता हाकललं त्याचं चुकलंच. पण उंची वाढली नाही तर काय करायचं, हा प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर खालच्या पत्रात येतंय.

झॉफचे हवेत झेपावतानाचे फोटो फारसे सापडत नाहीत. बाकीचे गोली कसे मांजरासारखे उडतात! मग याला एवढं मोठं का मानतात? – बँकेतून निवृत्त झालेले एक वाचक, पुणे

साहेब, उडावं लागलं म्हणजे आधी कुठंतरी पाऊल चुकलं, असं आमचे जुने वस्ताद म्हणायचे. सगळ्याच वेळी ते खरं नसतं, पण दहातल्या सात वेळा असतं.

गोलपोस्टचं तोंड २४ फुटांचं. त्याच्या मधोमध एक खुंटी मारली आहे असं समजा आणि तिथून चेंडूपर्यंत दोरी ताणा. गोलीनं त्या दोरीवर उभं राहायचं. चेंडू डावीकडं सरकला की दोरी सरकते, दोरीबरोबर गोली. दोरीवरून दोन पावलं पुढं आला की मारणाऱ्याला दिसणारी रिकामी जागा बरीच कमी होते. फार पुढं आला तर डोक्यावरून बॉल जातो. सगळी विद्या या दोन पावलांची. सांगलीच्या पोरा, तुझं उत्तर इथं आहे. पाच-चारवाला जर दोरी सोडत नसेल तर सहा-दोनच्या झोपाळू गोलीपेक्षा बरा. मात्र कॉर्नरला उंची लागतेच, तिथं मी तुला खोटी आशा दाखवणार नाही.

झॉफ दोरी सोडत नसे. आणि बॉल ठोसा मारून उडवण्यापेक्षा दोन्ही हातांत धरून पोटाशी घेण्याकडं त्याचा कल. ठोसा मारलेला बॉल परत येतो, पोटाशी घेतलेला येत नाही. गॅलरीला यात काही मजा नाही. टाळी कुठं वाजवायची?

आता आकडे बघा, कारण असल्या माणसाची मजा आकड्यांतच दिसते. १९७२-७३ च्या मोसमात इटलीच्या लीगमध्ये सलग ९०३ मिनिटं त्याच्यावर गोल झाला नाही. देशाकडून खेळताना सप्टेंबर १९७२ ते जून १९७४ या काळात सलग ११४२ मिनिटं. म्हणजे बारा सामने आणि वर एक अर्धा. समोर लिंबूटिंबू नव्हते. त्यात ब्राझील होता, आणि वेम्ब्लीवर जाऊन इंग्लंडला १-० हरवलेला सामनाही होता. हा विक्रम अजून कुण्या एका गोलीनं मोडलेला नाही. २०२१ मध्ये इटलीच्या संघानं ११६८ मिनिटं कोरी काढली खरी, पण त्यात एकापेक्षा जास्त गोली आलटून पालटून उभे होते.

आणि झॉफची ती कोरी मिनिटं संपवली कुणी? हैतीनं! १९७४ चा विश्वचषक, १५ जून, म्युनिक. हैती पहिल्यांदाच विश्वचषकाला आलेला. मध्यंतरानंतर पहिल्याच मिनिटाला इमॅन्युएल सॅनन नावाचा त्यांचा फॉरवर्ड बॅकला मागं टाकून सुटला, पुढं आलेल्या झॉफला बगल दिली आणि रिकाम्या जाळीत बॉल ढकलला. सामना इटलीनं ३-१ ने जिंकला, पण त्या दिवसाचं लोकांना आठवतं ते सॅननचंच नाव. ब्राझील-इंग्लंडला जे जमलं नाही ते हैतीच्या पोरानं केलं. मला हा किस्सा भारी आवडतो.

आणखी एक आकडा सांगतो आणि थांबतो. युव्हेंटसकडं तो अकरा मोसम होता आणि लीगचा एकही सामना चुकला नाही. ३३० च्या ३३०. सर्दी नाही, पडसं नाही, बोट मोडलं नाही, हातात लाल कार्ड नाही. आमच्या पेठेत एक सीझन बोटं शाबूत राहिली तरी गोलीची आई अंबाबाईला ओटी भरते. माझी डावी करंगळी आजही नांगराच्या फाळासारखी वाकडी आहे.

विश्वचषक जिंकून परत येताना विमानात राष्ट्राध्यक्षांबरोबर पत्ते खेळतानाचा फोटो पाहिला. ही नंतर जमवून आणलेली गोष्ट तर नव्हे? – एक वाचक, डोंबिवली

नव्हे, अस्सल आहे. जुलै १९८२. माद्रिदहून परततानाचं विमान, मध्ये टेबलावर विश्वचषक ठेवलेला. खेळणारे चौघं: राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी, प्रशिक्षक एन्झो बेअरझोत, फ्रांको काउझियो आणि झॉफ. खेळ स्कोपोने, आपल्या मेंढीकोटासारखा दोन-दोन भिडूंचा. पेर्तिनी आणि झॉफ भिडू होते आणि ते हरले. पेर्तिनींनी चुकीचं पान टाकलं आणि खापर मात्र फोडलं झॉफवर. मेंढीकोट खेळणाऱ्या कुणालाही यात नवल वाटू नये. पुढं पेर्तिनींनी चूक आपलीच होती असं कबूल केलं म्हणतात. आमच्या कट्ट्यावर एवढा मोठेपणा अजून कुणी दाखवलेला नाही.

१९७८ मध्ये झॉफवर सगळ्या इटलीनं तोंडसुख घेतलं, तेव्हा तो गप्प बसून खेळत राहिला. २००० मध्ये मात्र एका माणसाच्या बोलण्यावरून तडकाफडकी राजीनामा! हा अहंकार नव्हे का? तुम्ही त्याचं कौतुक करता, मला पटत नाही. – एक क्रीडाशिक्षक, नागपूर

सर, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. या सदराचं शीर्षक तुमच्यामुळंच आहे.

आधी १९७८ काय होतं ते बाकीच्या वाचकांना सांगतो. अर्जेंटिनातला विश्वचषक. फायनलला जायचं तर हॉलंडला हरवायला हवं होतं. इटली १-० ने पुढं होती. मग ब्रांट्सनं लांबून मारला आणि नंतर आरी हाननं त्याहून लांबून, तीस मीटरच्या वरून. दोन्ही गोल. तीन दिवसांनी तिसऱ्या क्रमांकासाठी ब्राझीलशी सामना. तिथं नेलिन्योनं उजव्या बाजूनं असा काही वळवला की बॉल आत येतोय हे कळेपर्यंत आत होता, आणि मग दिर्सेऊनं पुन्हा लांबून. दोन सामने, चार गोल, चारही लांबचे. झॉफ तेव्हा छत्तीसचा. डोळे गेले म्हाताऱ्याचे, लांबचं दिसत नाही, अशी बोंब उठली. ती टीका कठोर होती, पण सगळीच खोटी नव्हती. हानचा बॉल गोलीनं अडवायला हवा होता असं माझंही मत आहे. पोस्टला लागून गेला तरी.

बेअरझोतनं त्याला काढलं नाही. बेअरझोतही फ्रिउलीचाच, तोही कमी बोलणारा. चार वर्षांनी, १९८२ ला स्पेनमध्ये, पहिल्या फेरीत तीन बरोबऱ्या झाल्या. पोलंड ०-०, पेरू १-१, कॅमेरून १-१. वर्तमानपत्रांनी संघाला सोलून काढलं. तेव्हा खेळाडूंनी ठरवलं की पत्रकारांशी बोलायचंच नाही. बोलेल तर फक्त कप्तान. आता कप्तान कोण, तर अख्ख्या संघात ज्याच्या तोंडून शब्द निघत नाही तो झॉफ! पत्रकारांची काय दशा झाली असेल याचा विचार करून मला आजही हसू येतं. पुढं अर्जेंटिना, ब्राझील, पोलंड आणि फायनलला पश्चिम जर्मनी ३-१. ११ जुलै १९८२ ला चषक उचलला तेव्हा तो ४० वर्षं आणि १३३ दिवसांचा होता.

म्हणजे १९७८ च्या टीकेला त्यानं उत्तर दिलं, पण हातांनी. हे तुम्हाला मान्य आहे. आता २०००.

१९९८ पासून झॉफ इटलीचा प्रशिक्षक. २००० ची युरो स्पर्धा बेल्जियम आणि हॉलंडमध्ये. स्पर्धेच्या काही दिवस आधी नेहमीचा गोली बुफॉन याचा हात मोडला आणि टोल्डो उभा राहिला. सेमीफायनल हॉलंडशी, त्यांच्याच घरी, ॲमस्टरडॅमला. झांब्रोत्ताला पहिल्या हाफमध्येच बाहेर काढलं, बाकी सगळा वेळ दहा जण. टोल्डोनं फ्रँक डी बोअरची पेनल्टी अडवली, क्लायव्हर्टची पोस्टला लागली, आणि टायब्रेकरला टोल्डोनं आणखी दोन अडवल्या. गोलीच्या संघानं जिंकावा तसा तो सामना होता. मी घरात एकटा ओरडत होतो, शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून दारात आल्या.

फायनल २ जुलैला रोटरडॅमला, फ्रान्सशी. रविवार होता. आपल्याकडं साडेअकराला सुरू झाली. देल्वेक्कियोनं दुसऱ्या हाफला गोल केला. देल पिएरोला दोनदा संधी आली, दोन्ही गेल्या. नव्वद मिनिटं संपली, वरची मिनिटं संपत आली, इटलीचे बदली खेळाडू बाकाजवळ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पळत सुटायच्या तयारीत उभे. आणि विल्तोर्दचा तो बॉल टोल्डोच्या हाताखालून गेला. जादा वेळेत १०३ व्या मिनिटाला त्रेझेगेनं गोल केला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता, गोल झाला की खेळ खलास. रात्रीचे पावणेदोन वाजून गेले होते. मी टीव्ही बंद केला आणि नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी बोलले. ते तेव्हा विरोधी पक्षाचे नेते आणि एसी मिलानचे मालक. फ्रान्सचा हुकमी खेळाडू झिदान याला मोकळा सोडला, एखाद्या हौशी प्रशिक्षकालाही हे कळलं असतं, असलं करणं लाजिरवाणं आहे, अशा भाषेत. ४ जुलैला झॉफनं पत्रकारांना बोलावलं, आपला राजीनामा सांगितला, आणि या गृहस्थांकडून प्रतिष्ठेचे धडे मी घेणार नाही असं म्हणाला. संपलं. त्याच्या जागी त्रापातोनी आला.

आधी खेळाचं बोलू. बेर्लुस्कोनींचा मुद्दा बरोबर होता का? दोन्ही गोल कुणी केले बघा. विल्तोर्द आणि त्रेझेगे. त्रेझेगेला पास कुणी दिला? पिरेसनं. तिघेही दुसऱ्या हाफमध्ये बदली म्हणून आलेले. फ्रान्सचा प्रशिक्षक लमेर यानं बाकावरून तीन माणसं उतरवली आणि तिघांनी मिळून कप नेला. झिदानला माणूस लावला असता तर हे टळलं असतं असं मला तरी दिसत नाही. टीका करायचीच तर इटली शेवटची वीस मिनिटं फार मागं सरकली यावर करता आली असती. ती कुणी केली असती तर झॉफनं ऐकून घेतली असती, अशी माझी खात्री आहे. हानच्या गोलवर त्यानं ऐकून घेतलंच होतं.

फरक मला इथं वाटतो. 'बॉल सोडलास' हे गोलीला आयुष्यभर ऐकावं लागतं, त्याचं कातडं तिथं जाड झालेलं असतं. 'तू या जागेच्या लायकीचा नाहीस' हे वेगळं. पहिल्याला पुढच्या सामन्यात उत्तर देता येतं. दुसऱ्याला कुठल्या सामन्यात देणार? तुम्ही अहंकार म्हणता. असेलही. पण त्या अहंकाराची किंमत त्यानं स्वतःच्या खिशातून भरली, फायनल खेळलेल्या संघाची गादी सोडून. दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही.

हे मी एवढं ठासून का लिहितोय तेही सांगतो. १९९९ ला मी एका संघाचा प्रशिक्षक होतो. शाहू स्टेडियमवर टायब्रेकरला हरलो. सामन्यानंतर संघाच्या कारभाऱ्यांपैकी एकानं, नाव घेत नाही, पोरांच्या समोर मला विचारलं, 'मास्तर, पगार शाळेचा घ्यायचा आणि वाट आमची लावायची, असं ठरलंय का?' सतरा-अठरा वर्षांची पोरं खाली मान घालून बुटांच्या नाड्या सोडत होती. मी काही बोललो नाही. हसल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरावाला गेलो आणि त्यानंतर आणखी दोन सीझन गेलो.

पोरांसाठी थांबलो असं मी घरी सांगत आलो. तसं नव्हतं. मैदान सुटेल याची भीती होती. सकाळी साडेपाचला उठून जायला जागा राहणार नाही, ही. पुढच्या वर्षी जुलैत वर्तमानपत्रात आतल्या पानावर झॉफच्या राजीनाम्याची चार ओळींची बातमी आली. चहा निवून गेला तरी मी ते पान धरून बसलो होतो.

तेव्हा सर, मी त्याचं कौतुक करतो ते तटस्थपणे करत नाही. हे तुम्ही धरून चाला.

गोलकीपर चांगले प्रशिक्षक होत नाहीत असं म्हणतात. झॉफनं प्रशिक्षक म्हणून जिंकलं तरी काय? – एक वाचिका, ठाणे

१९८३ ला खेळणं थांबवल्यावर तो आधी युव्हेंटसच्या गोलींना शिकवत होता. मग इटलीचा ऑलिम्पिक संघ हाताळला आणि सोलच्या १९८८ च्या स्पर्धेसाठी पात्र ठरवून दिला. त्यानंतर दोन वर्षं युव्हेंटसचा मुख्य प्रशिक्षक.

त्या दुसऱ्या मोसमाबद्दल थोडं सांगायला हवं. त्याचा मदतनीस होता गाएतानो शिरेआ. बॅकला खेळायचा, पण असा सभ्य खेळाडू की विरोधी संघही मान द्यायचा. १९८२ ला दोघं एका खोलीत राहायचे. ती खोली इतकी शांत की बाकीचे खेळाडू तिला 'स्वित्झर्लंड' म्हणत. जग जिंकल्याच्या रात्री सगळा संघ नाचत असताना हे दोघं जेवून खोलीत आले आणि सिगारेट ओढत बसले. ३ सप्टेंबर १९८९ ला, युरोपियन स्पर्धेतल्या पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा खेळ बघायला शिरेआ पोलंडला गेला होता. परतताना मोटार अपघातात गेला. छत्तीस वर्षांचा होता. ज्या संघाला बघायला तो गेला होता, त्या गुर्निक झाब्झेला हरवून युव्हेंटस पुढं गेलं आणि मे १९९० मध्ये फिओरेंतिनाला हरवून झॉफनं तो यूएफा कप जिंकला. त्याच मोसमात मिलानला त्यांच्या मैदानावर नमवून इटालियन कपही. दोन कप हातात, आणि क्लबनं माणूस बदलला, कारण त्यांना जास्त देखणा फुटबॉल हवा होता. पुढच्या मोसमात देखणेपणाही आला नाही नि कपही.

नंतर रोमचा क्लब लाझिओ. तिथं चार वर्षं प्रशिक्षक, ज्यात पॉल गॅस्कॉइनसारखं वादळ त्याच्या हाताखाली होतं. मौनी बाबाच्या मठात डीजे! मग त्याच क्लबचा अध्यक्ष. १९९७ ला प्रशिक्षक झेमानला काढलं तेव्हा अध्यक्षसाहेब खुर्चीवरून उठून परत मैदानात उतरले आणि संघ चौथा आणला. शेवटचं काम २००५ ला फिओरेंतिनात. घसरणीच्या तोंडावरचा संघ शेवटच्या दिवशी वाचवला आणि तिथून पुढं प्रशिक्षकपद घेतलं नाही.

बाकी गोलींचं म्हणाल तर नुनो एस्पिरितो सांतो आहे, लोपेतेगी आहे, ब्राझीलचं प्रशिक्षकपद भूषवलेला लेआओ आहे. यादी लांब नाही हे मान्य. गोली सरावाला वेगळा, चुकतो वेगळा, बाकीच्या दहांचं दुखणं त्याला लांबून दिसतं. पण तो लांबून नव्वद मिनिटं अख्खं मैदान बघत असतो, हे क्लबवाले विसरतात.

परदेशी गोलींवर एवढी पानं, आपल्या गोलींचं काय? – एक वाचक, मडगाव

तक्रार रास्त आहे. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांवर, भारताचे गोली आणि कप्तान, १९९७ चा अर्जुन पुरस्कार आणि २०२२ ची पद्मश्री, एक अख्खा अंक मी लिहिणार आहे. ते मला झॉफच्या जातीचे वाटतात, उगाच उड्या न मारणारे. मुंबईच्या एस. एस. नारायण यांच्यावरही लिहायचंय. १९५६ चं मेलबर्न आणि १९६० चं रोम अशा दोन ऑलिम्पिकला गेलेला गोली आपल्या टाटा संघाकडून खेळायचा, हे मुंबईतल्या किती पोरांना माहीत आहे? थोडा धीर धरा, देव बरें करूं.

सर, मी मुलींच्या संघात गोली आहे. परवा जवळच्या पोस्टनं गोल बसला आणि सगळे माझ्यावर ओरडले. जवळच्या पोस्टचा गोल म्हणजे नेहमी गोलीचीच चूक का? – इयत्ता नववी, कोल्हापूर

हो गं, बहुतेक वेळा गोलीचीच. तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगत नाही. जवळचा पोस्ट आपला, लांबच्याची जबाबदारी वाटून घेता येते.

आता ऐक. ५ जुलै १९८२, बार्सिलोनाचं सारिया स्टेडियम, इटली विरुद्ध ब्राझील. इटली १-० ने पुढं. बाराव्या मिनिटाला झिकोनं सॉक्रेटिसला पास दिला. सॉक्रेटिस उजवीकडून आत आला आणि त्यानं झॉफ आणि जवळचा पोस्ट यांच्यामधून बॉल घातला. विश्वचषकात, कप्तानाला, चाळिसाव्या वर्षी, जवळच्या पोस्टनं. १-१.

पुढं पाओलो रॉसीनं आणखी दोन गोल केले, मध्ये फाल्काओनं एक, आणि इटली ३-२ ने पुढं होती. ब्राझीलला बरोबरी पुरली असती. सामना संपायला एखाद-दोन मिनिटं उरलेली. डावीकडून फ्री किक आली आणि ब्राझीलच्या ऑस्करनं हेडर मारला, खाली, जमिनीला धरून, कोपऱ्यात. झॉफ डावीकडं पडला. हा बॉल बहुतेक गोली बाहेर ढकलतात. त्यानं तो रेषेवरच हाताखाली दाबून धरला. ब्राझीलचे खेळाडू दोन्ही हात वर करून गोल झाला म्हणून ओरडायला लागले. बॉल रेषेच्या आत गेला नव्हता, पण रेफरीला काय दिसलं कुणास ठाऊक. झॉफ तसाच आडवा, बॉल सोडत नाही, मान वळवून रेफरीकडं बघतोय. रेफरीनं शिट्टी मारली नाही. मग तो उठला.

तुझा पुढचा सामना कधी आहे ते संपादकांकडं कळव. मी डाव्या पोस्टच्या मागं येऊन बसेन. तिथून दोरी बरोबर दिसते.